खडीच्या ढिगाऱ्यापासचे पाळणाघर

स्त्रियांनी उभारलेल्या सेवाभावी संस्थांचा इतिहास आपल्याकडे बहुधा वास्तूंच्या आधारे सांगितला जातो. फुले दांपत्याने १८६३ साली पुण्यात आपल्याच घरी सुरू केलेले बालहत्या प्रतिबंधक गृह असो वा पंडिता रमाबाईंचे १८८९ चे शारदा सदन. निराश्रिताने तिथवर पोहोचायचे आणि उंबरठ्याच्या आत सुरक्षित व्हायचे. दिल्लीत १९६९ साली सुरू झालेल्या ‘मोबाइल क्रेशेस’ने हा क्रम उलटा केला. इथे संस्थाच मुलाकडे चालत गेली.

गांधी जन्मशताब्दीनिमित्त राजघाटापाशी भव्य प्रदर्शनाचे बांधकाम चालू होते. आया डोक्यावर घमेली वाहत होत्या आणि त्यांची तान्ही मुले धुळीत, खडीच्या ढिगाऱ्याशेजारी पडलेली होती. मीरा महादेवन यांनी ते पाहिले. दरिद्रीनारायणाच्या उपासकाचे स्मारक उभारताना हे घडावे, यातली विसंगती कुणालाही जाणवली असती. हळहळ व्यक्त करून तो घरीही गेला असता. मीराबाईंनी तिथेच एका तंबूत मुले गोळा केली. देविका सिंग आणि इतर काही स्त्रिया लवकरच त्यांना येऊन मिळाल्या.

मराठी वाचकाने मीरा महादेवन या नावापाशी थोडे थांबायला हवे. त्यांचे माहेरचे नाव मिरियम जेकब मेंद्रेकर. त्या बेने इस्राएली, म्हणजे कोकणात शतकानुशतके ‘शनवार तेली’ म्हणून ओळखल्या गेलेल्या, मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या. इस्राएलला जावे की इथेच राहावे, या पेचात सापडलेल्या अशाच एका कुटुंबाची कहाणी त्यांनी ‘अपना घर’ या हिंदी कादंबरीत (१९६१) मांडली. पुढे ‘शुलामिथ’ या नावाने ती इंग्रजीत गेली. आपल्या वाङ्मयेतिहासांना तिचे सोयरसुतक नाही. ती मराठीत लिहिली गेली नाही, एवढेच कारण त्याला पुरले असावे! घर म्हणजे काय, हा प्रश्न कादंबरीत विचारणारी लेखिका पुढे बेघर बांधकाम मजुरांच्या मुलांपाशी येते, हे मला निव्वळ योगायोगाचे वाटत नाही.

हे काम १९७२ मध्ये मुंबईत आले. दुष्काळाचे वर्ष होते ते, आणि नरिमन पॉइंटच्या भरावावर उंच इमारती चढण्याचे दशक. पत्र्याच्या खोपटात किंवा अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या तळमजल्यावर पाळणाघर भरे. तान्ह्यांसाठी पाळणे, मधल्यांसाठी बालवाडी, मोठ्यांसाठी अक्षरओळख. जोडीला पोषक आहार आणि डॉक्टरांची फेरी. अंगावर पिणाऱ्या बाळाची आई कामातून सुटून येऊन त्याला पाजून जाई. सर्वांत मोठा बदल मात्र सहज नजरेत न भरणारा होता. धाकट्याला कडेवर घेऊन दिवसभर हिंडणाऱ्या सात-आठ वर्षांच्या मुलीची कडेवरच्या ओझ्यातून सुटका झाली आणि तिच्या हाती पाटी आली.

बांधकाम मजुरांसाठीचा केंद्रीय कायदा १९९६ साली झाला. पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील, तर सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली द्यावी, असे त्यात म्हटले. ‘दया’ या सदरातील गोष्ट ‘हक्क’ या सदरात आली, हे खरेच. पण ही पन्नासची अट कुणाच्या सोयीची? बांधकामावर जोडप्याची मजुरी पुष्कळदा नवऱ्याच्या हाती पडते आणि बाईचे नाव हजेरीपटावर चढतच नाही. जी नोंदलीच गेली नाही, तिचे मूल कोण मोजणार?

मीराबाई १९७७ साली गेल्या. २००७ मध्ये मुंबई आणि पुण्याच्या शाखा स्वतंत्र संस्था झाल्या. कामाची रीत मात्र मूळचीच राहिली. इमारत पुरी झाली, की पाळणे सोडायचे, पाट्या बांधायच्या आणि मजुरांमागोमाग पुढच्या बांधकामावर जायचे. जिथे मुले झोपत होती, तिथे रहिवाशांच्या मोटारी उभ्या राहतात.