घरची पेढी आणि समुद्राची वाट

किन्हीराजा हे गाव समुद्रापासून शेकडो मैल दूर. तरीही वऱ्हाडच्या काळ्या मातीचे समुद्राशी नाते जुने आहे. इंग्रजी अमदानीत वऱ्हाडचा कापूस कारंजासारख्या बाजारपेठांतून मूर्तिजापूरकडे जाणाऱ्या छोट्या गाडीने मोठ्या लोहमार्गावर, तेथून मुंबईस आणि पुढे गोऱ्यांच्या आगबोटींतून विलायतेस जाई. अडत, दलाली आणि व्याज एवढे येथील पेढीवाल्याच्या पदरी पडे. बोटीचे भाडे परदेशी कंपन्यांच्या तिजोरीत जाई. अडतीत जोखीम थोडी आणि झोप शांत, त्यामुळे यात कोणास फारसे वावगे वाटत नसे. या सुखाच्या चाकोरीबाहेर पाऊल टाकणाऱ्यांत सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

दिनांक २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे एका दिगंबर जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरी सावकारी आणि कापसाचा व्यापार. गादीवर बसून वह्या सांभाळल्या असत्या तरी आयुष्य सुखात गेले असते. परंतु त्या धंद्यात त्यांचे मन रमले नाही. रेल्वेत कारकुनी केलेले श्री. लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी रेल्वेच्या बांधकामाचे ठेके घेतले; बार्शी लाइट रेल्वेचे काम हा त्याचा आरंभ. पेढीच्या मुलाने माती-खडीचे ठेके घ्यावेत, हे त्या काळी अनेकांना रुचले नसणार.

ठेकेदारीत जम बसला असतानाच १९१९ साली ग्वाल्हेरचे महाराज शिंदे यांची 'लॉयल्टी' ही आगबोट विक्रीस असल्याचे त्यांना समजले. पहिल्या महायुद्धात इस्पितळ-जहाज म्हणून वापरलेली ही बोट शेठ नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह त्यांनी विकत घेतली आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. दिनांक ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनकडे निघाली. हाच दिवस १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. हिशेबाच्या दृष्टीने मात्र ही खरेदी आतबट्ट्याचीच ठरली. बोट जुनी, दुरुस्तीचा खर्च मोठा. १९२३ साली ती मोडीत निघाली. केवळ त्या एका खात्याकडे पाहणाऱ्या मुनीमाने शेठजींना वेड्यात काढले असते.

खरी कसोटी पुढे होती. लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीने भाड्याचे दर पाडण्यास आरंभ केला. तिच्या पाठीशी मोठा ताफा होता. सिंदियाजवळ मोजकी जहाजे. व्यापाऱ्यास स्वस्त भाडे हवेच असते, त्यामुळे देशी माल पाठविणारेही सिंदियाकडेच येतील याची खात्री नव्हती. अशा वेळी इंचकेप यांनी सिंदिया कंपनीच विकत घेण्याची तयारी दर्शविली. पैसा हाती आला असता आणि काळजी मिटली असती. शेठ नरोत्तम मोरारजी व शेठ वालचंद यांनी नकार दिला.

मात्र केवळ बाण्यावर कंपनी चालत नाही. १९२३ साली दहा वर्षांचा करार करावा लागला. किनारपट्टीच्या वाहतुकीत सिंदियाला जागा मिळाली. त्या बदल्यात जहाजांच्या संख्येवर मर्यादा आली आणि परदेशी वाहतुकीचा मार्ग बंद झाला. काहींना ही शरणागती वाटेल. परंतु कंपनी विकणे आणि हातपाय आवरून ती जिवंत ठेवणे यांत मोठा फरक आहे. पहिल्यात पुन्हा उभे राहण्यास जागाच उरत नाही.

१९२९ साली शेठ नरोत्तम मोरारजी निवर्तले आणि अध्यक्षपदाची धुरा शेठ वालचंद यांच्याकडे आली. आता स्वदेशात जहाजे बांधण्याचा ध्यास होता. दिनांक २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणम् येथे डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कारखान्याची कोनशिला बसविण्यात आली. पुढे युद्धाची झळ पोचल्याने काम रखडले. अखेर दिनांक १४ मार्च १९४८ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते आठ हजार टनी 'जलउषा' पाण्यात उतरली. 'लॉयल्टी' निघाल्याला तेव्हा एकोणतीस वर्षे होत आली होती. १९५२ साली तो कारखाना सरकारच्या नियंत्रणाखाली गेला आणि पुढील वर्षी, ८ एप्रिल रोजी, शेठजींचे देहावसान झाले.