जबड्याच्या हाडाची साक्ष

इतिहासाचीं साधनें केवळ दप्तरांतच असतात असें नाहीं. क्वचित् तीं हाडांतहि सांपडतात. इ. स. १९३१ मध्यें होंडुरस देशांतील उलुआ नदीच्या खोऱ्यांत, प्लाया दे लोस मुएर्तोस या स्थळीं, विल्सन व डॉरोथी पोपेनो या दंपतीला मानवाच्या खालच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला. तो इ. स. ६०० च्या सुमाराचा, माया संस्कृतीच्या काळांतील, मानतात. त्यांत पुढील तीन दांतांच्या जागीं शिंपल्याचे दंताकृति तुकडे बसविलेले आहेत. मृताच्या शोभेसाठीं ते मागाहून बसविले असावेत, असा तर्क बराच काळ रूढ होता. इ. स. १९७० मध्यें ब्राझीलच्या अमादेओ बॉब्बिओ यांनीं क्ष-किरणांनीं तपासणी केली, तेव्हां दोन तुकड्यांभोंवतीं नवें घट्ट हाड भरलेलें दिसून आलें. मेलेलें हाड वाढत नाहीं. अर्थात् हे तुकडे जिवंतपणींच बसले असले पाहिजेत. साधन तेंच, वाचन मात्र ३९ वर्षांनीं नवें झालें.

परंतु एका जबड्यावरून अखंड परंपरा कल्पिणें आम्हांस मान्य नाहीं. आधुनिक विद्येचा उगम निराळा आहे. स्वीडनमधील पेर-इंग्वार ब्रेनेमार्क हे इ. स. १९५२ मध्यें सशाच्या पायाच्या हाडांत टायटॅनियमची नळी बसवून मगजांतील रक्ताभिसरण पाहात होते. काम संपल्यावर ती निघेना. हाड तिला एकजीव झालें होतें. त्या अनुभवावरून इ. स. १९६५ मध्यें त्यांनीं एका रोग्याच्या जबड्यांत कृत्रिम दांतांसाठीं टायटॅनियमचे खुंट बसविले.

खुंटास आधार हाडाचाच. आणि दांत गेला कीं तेथील हाड झिजूं लागतें. वरच्या जबड्याच्या मागील भागीं तर नाकाशेजारची पोकळी खालीं उतरून उरलेलें हाड कागदासारखें पातळ होतें. इ. स. १९८० मध्यें अमेरिकेंतील फिलिप बॉईन व रॉबर्ट जेम्स यांनीं रोग्याच्याच कमरेच्या हाडाचें कलम त्या पोकळीच्या तळाशीं करून तेथें हाड वाढविण्याची रीत प्रसिद्ध केली. कलम साधलें कीं नाहीं, याची कसोटीहि तीच: जिवंत हाडानें तें आपलेंसें केलें काय?

तात्पर्य, उलुआचा तो तुकडा घासूनपुसून साफ केला असता, अथवा शिंपले उपटून निराळे ठेविले असते, तर ही साक्ष कायमची बुडाली असती. संग्राहकांनीं वस्तु जशी मिळाली तशीच राखावी. तिचा वाचक कदाचित् अद्याप जन्मलाहि नसेल.