दमा, हृदय आणि रक्तातील खुणा

सोलापुरात १८७७ साली पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि कापसाच्या धुळीत श्वास घेणारा मोठा कामगारवर्ग ह्या शहरात वाढत गेला. अशा धुळीत राबणाऱ्याची छाती प्रारंभी साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला आवळते. पुढे धाप कायमची होते. विडीचा व चुलीचा धूर फुप्फुसांची हीच गत करतो. बोलीत मात्र ह्या साऱ्यांस नाव एकच : दमा. गावातील तेलुगू व कानडी भाषिकांचा 'उब्बस' हा शब्दही तितकाच व्यापक आहे.

'दमा' हा शब्द फारसीतून आला. त्याच्या मुळाशी 'दम' म्हणजे श्वास आहे. चरकसंहितेतील महा, ऊर्ध्व, छिन्न, तमक व क्षुद्र हे पाचही प्रकार 'श्वास' ह्याच नावाखाली येतात. ही नावे लक्षणावरून पडली. धाप फुप्फुसामुळे लागते की हृदयामुळे, हे त्यांतून कळत नाही. हा भाषेचा दोष नव्हे, कारण रोग्याला जाणवते ती धापच. परंतु ह्या नावाआड हृदय दृष्टीआड राहिले, असे म्हणावे लागते.

वास्तविक दीर्घकाळ अवरुद्ध झालेल्या फुप्फुसांतून रक्त ढकलताना हृदयाची उजवी बाजू थकते. डॉ. शि. पद्मावती व त्यांच्या सहकाऱ्याने दिल्लीतील अशा १२७ रुग्णांचा अभ्यास १९५९ साली प्रसिद्ध केला. धुराशी झुंजणाऱ्या स्त्रियांकडे त्यामुळे वैद्यकाचे लक्ष वेधले गेले.

हा ताण रक्तात वाचता येऊ लागला तो पुढे. स्नायूंतील ट्रोपोनिन हे प्रथिन जपानी शास्त्रज्ञ एबाशी ह्यांनी १९६५ च्या सुमारास उजेडात आणले; हृदयपेशींना इजा झाली की त्यांतील ट्रोपोनिन रक्तात उतरते. दुसरी खूण बी.एन.पी. ही १९८८ साली जपानमध्येच डुकराच्या मेंदूत सापडली, म्हणून तिच्या नावात 'ब्रेन' आले. ती मुख्यतः ताणलेल्या हृदयातून स्रवते हे लवकरच कळले, तरी आद्याक्षर तसेच राहिले. (नाव वस्तूच्या घरावरून न पडता ती प्रथम भेटली त्या जागेवरून पडते, ह्याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळा.)

२०११ साली न्यूझीलंडमधील हॅमिल्टन येथील वैद्यांनी, जुना फुप्फुसविकार उसळल्याने रुग्णालयात आलेल्यांच्या रक्तातील ट्रोपोनिन आणि बी.एन.पी.चाच जोडघटक मोजला. ज्यांत दोन्ही खुणा वाढलेल्या होत्या, त्यांचे तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण दोन्ही खुणा प्राकृत असलेल्यांच्या पंधरा पट निघाले. म्हणजे धाप एकसारखी दिसणाऱ्या दोन रुग्णांत अधिक धोक्यातील कोण, हे रक्त सांगू शकते. अर्थात वार्धक्यात व मूत्रपिंडाच्या विकारातही ह्या खुणा चढतात. शिवाय हृदयावरील कोणते औषध दिले असता अशा रुग्णाचा जीव वाचेल, ह्याचे उत्तर त्या आकड्यांत नाही.