तीस-चाळीसचा स्पीड ते डेटा सायन्स

आमच्या खाडीपट्ट्यात बारावी झालेल्या पोराला पूर्वी एकच प्रश्न विचारला जायचा, "टायपिंग झालं का?" नापास झालेल्यालासुद्धा हाच प्रश्न! तुडीलहून एसटीने महाडला जायचं, तासभर मशीन बडवायची आणि परत यायचं. सहा महिन्यांनी तीसची परीक्षा, मग चाळीसची. ते सर्टिफिकेट खिशात घालून पोरगा मुंबईला काकाच्या नाहीतर मामाच्या खोलीवर दाखल.

त्या क्लासांची मला आज आठवण येते ती गंमत म्हणून नव्हे. त्या व्यवहारात एक शहाणपण होतं. क्लासवाला शिकवायचा, पण परीक्षा त्याच्या हातात नव्हती. ती पुण्याच्या राज्य परीक्षा परिषदेची, म्हणजे सरकारी. मिनिटाला तीस शब्द येतात की नाही, हे ठरवणाऱ्याला तुमच्या फीमधून काही मिळत नसे. आणि नोकरीच्या जाहिरातीत तो आकडा छापलेला असे : लिपिक-टंकलेखक, मराठी 30, इंग्रजी 40. म्हणजे हा कागद कोण मागणार आहे, हे फी भरण्याआधीच ठाऊक.

गोदरेजने 1955 साली पहिला भारतीय टाइपरायटर काढला आणि 2009 साली कारखान्यातून मशीन निघणं थांबलं. राज्यातली टाइपरायटरवरची परीक्षा तर 2017 पर्यंत चालू होती. मशीन गेली, परीक्षा कॉम्प्युटरवर आली, आणि बोटांना लागलेली सवय जुन्या लोकांनी कीबोर्डवर सहज नेली.

हे सगळं डोक्यात यायचं कारण माझा पुतण्या. बीएस्सी झालाय, महाडच्या एमआयडीसीत एका कंपनीत लॅबला आहे. त्याला नऊ महिन्यांचा ऑनलाइन डेटा सायन्स बूटकॅम्प करायचाय. फी सव्वादोन लाख, हप्त्याने. "काका, करू का?" असं फोनवर विचारलं त्याने. मी कोण मोठा लागून गेलो डेटा सायन्सवाला! पण कोर्स नावाच्या वस्तूचा इतिहास थोडाफार पाहिलेला आहे, तेवढ्या भांडवलावर बोलतो.

टायपिंगनंतर आले कॉम्प्युटर क्लास. एनआयआयटी 1981 ची, अॅपटेक 1986 ची; पण छोट्या गावांतून त्यांची आणि त्यांच्या नकलांची लाट आली ती नव्वदीत. मग वायटूकेची भीती. सन 2000 उजाडताना जुने प्रोग्रॅम कोलमडतील म्हणून कोबोल येणाऱ्या माणसांना अचानक भाव आला. लोकांनी दागिने मोडून डिप्लोमे केले. 1998 ला केलेल्यांना फायदा झाला. 2000 ला दाखल झालेले बाहेर पडेपर्यंत अमेरिकेत डॉट-कॉमचा फुगा फुटला होता. कोर्स तोच, मास्तर तेच, पण दोन वर्षांचा फरक माणसाला कुठल्या कुठे नेऊन ठेवतो.

त्याच सुमारास, 2001 साली, एमकेसीएल स्थापन झाली आणि एमएस-सीआयटी आली. सरकारी नोकरीसाठी ती सक्तीची झाल्यावर गावोगावचे गुरुजी निवृत्तीच्या उंबरठ्यावर माऊस धरायला शिकले. तो कोर्स वाईट नव्हताच. स्वस्त होता, तालुक्याला होता. पण काही वर्षांत सगळ्यांकडेच तो झाला. आता तो नसेल तर अडतं, आणि असेल तर कोणी विचारत नाही. (रेशनकार्डासारखंच की!)

डेटा सायन्सचं घड्याळ यात कुठे आहे? हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये या नोकरीला शतकातली सर्वात आकर्षक नोकरी म्हणणारा लेख आला तो ऑक्टोबर 2012 मध्ये. त्यानंतर बूटकॅम्पचं पेव फुटलं. 2019 साली टूयू या अमेरिकन कंपनीने ट्रिलॉजी ही बूटकॅम्प चालवणारी कंपनी 75 कोटी डॉलरला घेतली. त्याच टूयूने डिसेंबर 2024 मध्ये बूटकॅम्प बंद करत असल्याचं जाहीर केलं. मधल्या काळात, नोव्हेंबर 2022 मध्ये, चॅटजीपीटी आलं होतं, आणि बूटकॅम्पमध्ये महिनोन् महिने शिकवतात तसला बराचसा कोड आता मशीन मिनिटात लिहून देते. म्हणजे पुतण्या 1998 ला नव्हे, 2000 ला दाराशी उभा आहे असं मला वाटतं. हे माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या.

पण म्हणून विषयच टाकाऊ आहे का? अजिबात नाही. आणि तो अमेरिकेतून आलाय असंही नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग सुखात्मे घ्या. लंडनला संख्याशास्त्र शिकून आले आणि 1940 पासून दिल्लीत शेतीच्या आकड्यांवर काम करू लागले. तोवर पीक किती आलं हे ठरवायची पद्धत म्हणजे आपली आणेवारी. नजरेने बघायचं आणि सांगायचं, यंदा आठ आणे, यंदा बारा आणे. सुखात्म्यांनी त्याऐवजी पीक कापणीचे प्रयोग रुजवले : गावं आणि शेतं चिठ्ठी टाकल्यासारखी, कोणाच्याही मर्जीविना निवडायची, आत ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, कापायचा, झोडायचा, वजन करायचं. रस्त्याकडेचं चांगलं शेत बघून घ्यायचं नाही!

त्यातला एक बारकावा तर मला फारच आवडतो. आखलेला तुकडा फार लहान असला तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. का? कडेवरची रोपं आत धरायची की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ती आतच ओढतो. तुकडा लहान असेल तर क्षेत्राच्या मानाने कड जास्त, म्हणून चूकही जास्त. यावरून महालनोबिसांसारख्या माणसाशी त्यांचा वाद झाला, कारण महालनोबिस लहान तुकडे वापरत. आमच्या भाताच्या खाचरात बांधावर उभं राहून ज्याने कापणी पाहिलीय त्याला हे न शिकवता कळेल. आणि पायथॉनच्या शंभर कमांड पाठ असलेल्याला कदाचित कळणारही नाही.

म्हणून मी पुतण्याला विचारलं, शेवटी परीक्षा कोण घेणार? म्हणाला, तेच घेणार. सर्टिफिकेट? तेच देणार. नोकरी? "प्लेसमेंट असिस्टन्स" आहे. असिस्टन्स म्हणजे मदत, हमी नव्हे, हे मराठीत सांगितल्यावर तो जरा गप्प झाला. हप्ता म्हणजे काय तेही बघायला सांगितलं. बिनव्याजी हप्ता म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा एखादी फायनान्स कंपनी विद्यार्थ्याच्या नावावर कर्ज काढते. कोर्स मध्येच सोडला तरी ते कर्ज आपोआप सुटत नाही.

याउलट एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स फुकट शिकता येतात. पैसे लागतात ते परीक्षेला, आणि ती केंद्रावर जाऊन द्यावी लागते. आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी 2020 मध्ये जाहीर झाली. तिच्यात फाउंडेशन, डिप्लोमा, पदवी अशा पायऱ्या आहेत, म्हणजे मध्येच थांबलं तरी हातात काहीतरी राहतं. तिचीही मुख्य परीक्षा केंद्रावरच. वेळ मात्र खूप जातो, नऊ महिन्यांत काही होत नाही. नोकरी सांभाळून करणाऱ्याला ते जड जाईल हे कबूल. बूटकॅम्पवाल्यांची एक गोष्ट खरी आहे, की फुकटचा कोर्स माणूस तिसऱ्या आठवड्यात सोडतो आणि पैसे भरले की टिकतो. पण त्या टिकण्याची किंमत सव्वादोन लाख?

शेवटी एवढंच ठरलं, की पैसे भरायच्या आधी दोन महिने त्याने एक काम करून बघायचं. महाड आणि पोलादपूर तालुक्यांचा महसूल मंडळवार पाऊस सरकारी साइटवरून उतरवायचा, साफ करायचा आणि त्यातून काय दिसतं ते मला सांगायचं. पंधरा दिवसांनी फोन आला. आलेख वगैरे काही झालेला नव्हता. 22 जुलै 2021 ला अख्खं महाड पाण्याखाली असताना पर्जन्यमापक माणसाने वाचला की यंत्राने, आणि रिकामी जागा दिसली तर तिथे शून्य धरायचं की "माहीत नाही", असं त्याला विचारायचं होतं. मी म्हटलं, तलाठी ऑफिसात जाऊन विचार. सोमवारी जाणार आहे म्हणाला.