कुर्लीची चाल

कुर्ल्याचं नाव कुर्लीवरून पडलं, असं जुने लोक सांगतात. कुर्ली म्हणजे खेकडा. खाडीच्या दलदलीत त्यांची मोठी वस्ती होती म्हणे. दलदल गेली, कुर्ल्या गेल्या, पण त्यांची चाल मात्र गावाने जपली आहे. स्टेशनबाहेर पश्चिमेला सरळ चालणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. एक पाय रिक्षा चुकवायला, दुसरा केळीवाल्याची पाटी चुकवायला, असा तो आडवा-आडवाच पुढे सरकतो. तेव्हा पाण्याकाठाने निवांत फेरी मारून येणं आम्हा कुर्लेकरांच्या पत्रिकेत नाही, हे उघड आहे. तसा पाण्याला तोटा नाही. गावाला चांगली नदी आहे.

नदीचं नाव मिठी. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यांचं पाणी घेऊन निघते आणि सुमारे १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीला मिळते. पवई तलाव १८९१ साली मुंबईच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधला, तर ते पाणी पिण्यालायक निघेना. पुढे २०२१ साली पालिकेने त्याच्या काठाने सायकलींचा आणि चालण्याचा मार्ग बांधायला घेतला, तर मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. म्हणजे पिण्यासाठी बांधलं ते पिता येईना, फिरण्यासाठी बांधलं तिथे फिरता येईना. तलावात मगरी आहेत, त्यांनी मात्र निकालानंतर सुटकेचा निःश्वास टाकला असेल.

म्हणून मी नदीच्या दुसऱ्या टोकाला जातो. "रविवारी धारावीला फिरायला जातो," म्हटलं की ऑफिसात लोक माझ्याकडे काळजीने बघतात. पण धारावी डेपोच्या समोर, खाडीला लागून, ३७ एकरांचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे आणि ते चक्क कचऱ्यावर उभं आहे. मुंबईने इथे वर्षानुवर्षे आपली ठेव ठेवली. केळीच्या साली, फुटक्या बरण्या, कुणाकुणाच्या गाद्या. १९७७ साली ते खातं बंद झालं. १९८३ मध्ये डॉ. सालिम अलींच्या हस्ते तिथे पहिलं झाड लागलं. तेव्हा त्यांनी वयाची ८६ वर्षं ओलांडली होती. आपण त्या वयात बँकेत येतो ते नॉमिनीचं नाव बदलायला. उद्यान लोकांसाठी उघडलं १९९४ साली. असल्या ठेवीवर असलं व्याज मिळालेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आत शिरलं की सावली, पाचोळा आणि पक्षी. पुढे तिवरांच्या फटीतून खाडी दिसते. वास येतो, खोटं कशाला बोला? तो निसर्गाचा नव्हे, आपलाच. मिठी आपण वरून जे देतो ते निमूटपणे इथवर आणून पोचवते.

समोरच्या काठाला वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती. गंमत अशी, की या काठावर कचरा टाकणं ज्या १९७७ साली थांबलं, त्याच साली त्या संकुलाचं काम प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोपवलं गेलं. इकडे भर थांबली, तिकडे सुरू झाली. नदीच्या मुखाशी दलदल होती, तिवरं होती, भरतीचं पाणी पसरायला ऐसपैस जागा होती. ती बुजत गेली. संकुलाच्या नावात कुर्ला आहे. बाकी आमचा तिथे संबंध शेअर रिक्षापुरता.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एरवी पसरायचं त्या जागा नदीला सापडेनात. वर विमानतळापाशी तिला आधीच वळवलेलं, खाली भरणी. मग ती क्रांतीनगरात आली, आमच्या चाळीत आली, तिने गावाला खरोखरीच मिठी मारली. तोवर सगळे तिला नालाच म्हणत. ऑगस्टमध्ये सरकारने तिच्या विकासासाठी आणि संरक्षणासाठी प्राधिकरण नेमलं, तेव्हा ती नदी असल्याचं अधिकृतपणे कळलं. पुढे काठाने ठिकठिकाणी भिंती उभ्या राहिल्या. आता आमच्याकडे काठ आहे, पण नदी बघायची तर टाचा उंचवाव्या लागतात.

आमच्या जिन्यात त्या दिवशीच्या पाण्याची रेघ आहे. चाळीला दोनदा रंग दिला, दोन्ही वेळा तळमजल्याच्या आजींनी ती खडूने पुन्हा ओढून घेतली. खोली दाखवायला गिऱ्हाईक आणलं की दलाल तिच्यावर कॅलेंडर लावतो. ते गेलं की आजी ते काढून ठेवतात.