आई कुणाची, लढाई कुणाची

आमचं नाचियारकोविल कुंभकोणमला लागूनच. भोसल्यांच्या तंजावर राज्याबरोबर इकडे आलेल्या घरांपैकी आमचं एक. घरात मराठी, उंबरा ओलांडला की तमिळ. गावाचं नाव पितळी समयांमुळे झालं. पण मला सांगायचं आहे ते, ज्यांच्या पोरांच्या फोटोपुढे या समया लागतात, त्या आईबापांविषयी.

लढाईत मेलेल्याच्या आईनं कसं वागावं, हे तमिळ मुलखात फार पूर्वी ठरून गेलं. उ. वे. स्वामिनाथ अय्यर १८८० ते १९०३ कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात शिकवत होते. इथंच असताना, १८९४ साली, ताडपत्रं पडताळून त्यांनी ‘पुरनानूरु’ हा प्राचीन तमिळ कवितासंग्रह छापला. त्यातल्या एका म्हातारीला लोक सांगतात, तुझा मुलगा पाठ दाखवून मेला. तसं असेल तर ज्या स्तनांनी त्याला पाजलं ते कापून टाकीन, म्हणून ती तलवार घेऊन निघते. रणात एकेक प्रेत उलथं करते. मुलगा तुकडे होऊन पडलेला सापडतो, पण पळालेला नसतो. आणि त्याला जन्म दिला त्या दिवसाहून तिला आज जास्त आनंद होतो. लिहिणारी कवयित्री आहे, काक्कैपाडिनियार नच्चेळ्ळैयार. बाईनंच हे लिहावं, हे मला आजही पचत नाही.

द्रविड चळवळीनं या म्हातारीला डोक्यावर घेतलं. करुणानिधींनी तिच्यावर स्वतः लिहिलं. तिची सोय अशी, की वार कुठे बसला एवढंच तिला पाहायचं असतं. राजानं लढाई कशासाठी काढली, हे ती विचारत नाही.

हाच प्रश्न पुढे आमच्या दारात आला. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला आणि आपली शांतिसेना श्रीलंकेत उतरली. ऑक्टोबरात तिची गाठ तमिळ बंडखोरांशी, लिट्टेच्या वाघांशीच पडली. अडीच-पावणेतीन वर्षांत सुमारे बाराशे जवान गेले. मेजर रामस्वामी परमेश्वरन हे मुंबईत जन्मलेले, तिथंच शिकलेले तमिळ. महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे अधिकारी. २५ नोव्हेंबर १९८७ ला जाफन्याच्या बाजूला ते पडले. परमवीर चक्र मरणोत्तर. हा तमिळ माणूस महारांच्या पलटणीतून तमिळांशी लढताना गेला, यावर आमच्याकडे कुणी सभा घेतली नाही.

त्या दिवसांत कुंभकोणमच्या चहाच्या दुकानांत एकच बोलणं: आपली फौज आपल्याच माणसांवर गोळ्या झाडते. ज्याचं पोर फौजेत, त्यानं मान खाली घालून चहा प्यायचा. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रास बंदरात उतरली, तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. त्यांची बाजू राजकारणात समजण्यासारखी होती. पण पुरनानूरूच्या आईवर लिहिणाऱ्यानं निदान त्या बाराशे घरांसाठी दोन शब्द वेगळे काढायला हवे होते. आईबाप तरी कुठे बोलले? लढाई चुकीची म्हणावं, तर पोर फुकट गेलं असं आपल्याच तोंडानं कबूल करावं लागतं.

रस्त्यावर बसली ती पलीकडची आई. पूपति अम्मा, श्रीलंकेतल्या मट्टक्कळप्पूची, दहा लेकरांची. तिचे दोन मुलगे श्रीलंकेच्या फौजेनं मारलेले. १९ मार्च १९८८ ला मामांगम देवळाशी तिनं उपोषण धरलं: भारतीय सेनेनं युद्ध थांबवावं, वाघांशी बोलावं. १९ एप्रिलला ती गेली. वाघांनी लगेच तिला देवी केली. तिच्या तिथ्या झाल्या, तसबिरी लागल्या. बंदूकवाल्यांना उपोषणाची एवढी ओढ कधीपासून, हे त्यांना विचारायची सोय नव्हती.

फौजेतल्या पोरांच्या आया बोलल्या त्या इस्रायलमध्ये. तिथं ४ फेब्रुवारी १९९७ ला दक्षिण लेबनॉनकडे सैनिक नेणारी दोन लष्करी हेलिकॉप्टरं एकमेकांवर आदळून ७३ सैनिक मेले. त्यानंतर ‘चार आया’ ही चळवळ उभी राहिली. दक्षिण लेबनॉनमधून पोरं परत आणा, एवढीच मागणी. बायकांना लष्करातलं काय कळतं, म्हणून त्यांची टर उडवली गेली. मे २००० मध्ये फौज परत आली. त्या चौघींची पोरं मात्र जिवंत होती, सेवेत होती. त्यांना वेळेत बोलता आलं.

आपल्याकडे दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक फेब्रुवारी २०१९ मध्ये उघडलं, त्यात श्रीलंकेत पडलेल्यांची नावं आली. मुलगा गेला तेव्हा पन्नाशीत असलेला बाप तोवर ऐंशी ओलांडून गेला होता. शांतिसेनेचं स्मारक कोलंबोजवळ मात्र त्याआधीच उभं राहिलं होतं.