आंबणे, नासणे आणि मुरणे

काळाच्या ओघात पदार्थात जो पालट होतो, त्याला मराठी भाषेने एकच नाव दिलेले नाही. दूध नासते, भाजी विटते, पीठ आंबते आणि लोणचे मुरते. यांपैकी पहिली दोन क्रियापदे टाकून देण्याची आहेत, दुसरी दोन राखून ठेवण्याची. एका शब्दाच्या जागी दुसरा घालून पाहावा, म्हणजे हा विवेक आपल्या भाषेत किती खोल रुजला आहे हे ध्यानात येते. आंबट पेयांचा जो इतिहास आज मी सांगणार आहे, तो वस्तुतः याच विवेकाचा इतिहास आहे. त्यात मद्याचा उल्लेख अनेकदा येईल; पण मद्यपानाचा पुरस्कार करणे हा या भाषणाचा हेतू नव्हे. माणसाने धान्य पाण्यात भिजवून ते आंबविले, आंबटपणाचा धाक न बाळगता त्याची पारख केली आणि त्यासाठी योग्य ते भांडे शोधून काढले, ही हकीकत मोठी मनोरंजक आहे.

आरंभ कोल्हापुरापासूनच करू. मार्गशीर्षात सौंदत्तीच्या रेणुकेची यात्रा आटोपून भाविक परतले म्हणजे कोल्हापुरात ओढ्यावरच्या रेणुकेच्या देवळाशी आंबील यात्रा भरते. घरोघरच्या बायका आंबील-घुगऱ्या, भाजी-भाकरी, वांगे, कांद्याची पात असा नैवेद्य घेऊन येतात. देवीपुढे पंचपक्वान्ने नाहीत, पेढे-बर्फी नाही. आहे ती ज्वारीच्या अगर नाचणीच्या पिठाची, ताकाने आंबूस झालेली आंबील. शेतकऱ्याच्या न्याहारीचे हे पेय देवीच्या नैवेद्यात मानाने विराजमान झाले आहे. आंबिलीत मद्यांश असा नसतोच म्हटले तरी चालेल. परंतु तिचा आंबटपणा ज्या सूक्ष्म जंतूंमुळे येतो, त्याच कुळातले जंतू युरोपातील प्रसिद्ध आंबट यवसुरेलाही चव आणतात. यवसुरा म्हणजे आज आपण जिला बिअर म्हणतो ती. आंबील आणि ही यवसुरा यांचे नाते दूरचे, पण खरे आहे.

हे नाते आपल्या प्राचीनांनी ओळखले होते. चरकसंहितेत आसवांचे नऊ उगम सांगितले आहेत: धान्य, फळे, मुळे, झाडाचा गाभा, फुले, कांडी, पाने, साली आणि साखर, आणि या सर्वांपासून होणाऱ्या आसवांची संख्या ८४ भरते. त्यांपैकी धान्यापासूनची सहा होत: सुरा, सौवीर, तुषोदक, मैरेय, मेदक आणि धान्याम्ल. ही यादी नीट पाहावी. सुरा ही मादक, तर सौवीर, तुषोदक व धान्याम्ल ही कांजीच्या जातीची आंबट पेये. ग्रंथकाराने दोहोंना एकाच पंक्तीला बसविले आहे. धान्य, पाणी आणि काळ या तिघांचा खेळ एकच; कोठे मद्यांश वर येतो, कोठे आंबटपणा, एवढेच त्याला अभिप्रेत असावे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात मेदकाचे प्रमाण दिले आहे: एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. किण्व म्हणजे आंबविण्याचे बीज. ते उडीद आणि तांदूळ यांपासून करीत. इडलीचे पीठ आंबविताना आजही हीच जोडी उपयोगी पडते, ही गोष्ट गृहिणींना सांगावयास नकोच. त्याच प्रकरणात पानागार कसे असावे तेही सांगितले आहे: अनेक दालने, निरनिराळी आसने, सुगंध, फुले, पाणी आणि ऋतूला साजेसे सुख. राज्याला कर हवा होता, बंदोबस्तही हवा होता. तरी पिणाऱ्याच्या नाकाला आणि डोळ्यांना काय रुचते याचा विसर त्या रोखठोक ग्रंथकाराला पडला नाही.

आता भांड्याकडे वळू. आसव-अरिष्टे करावयाची तर आतून तूप मुरलेले मातीचे भांडे घ्यावे, त्याला सुगंधी द्रव्यांचा लेप अगर धूप द्यावा, तोंड लिंपून बंद करावे आणि ते धान्याच्या राशीत पंधरा दिवस किंवा महिनाभर ठेवावे, अशी आयुर्वेदाची रीत आहे. धान्याच्या राशीत उष्णता एकसारखी राहते. तुपाने मडक्याची छिद्रे बुजतात आणि आतला रस पाझरत नाही. नवे मद्य जड व दोषकारक, जुने झालेले हलके, रुचकर व भूक वाढविणारे, असा चरकाचा अभिप्राय आहे. म्हणजे मुरण्याचे महत्त्व वैद्यांना पुरते ठाऊक होते.

याच सुमारास बाहेरचे पेयही आपल्या देशात येत होते. कोल्हापुरास पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. सांकळिया आणि डॉ. दीक्षित यांनी तेथे उत्खनन केले. सातवाहनकालीन वस्तीच्या या जागी जो ब्राँझच्या वस्तूंचा साठा मिळाला, त्यात पॉसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची सुबक मूर्ती आणि द्राक्षमद्य ओतण्याचा रोमन घाटाचा चंबू आहे. पॉसायडनची मूर्ती टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोच बंदरी उतरणाऱ्या मालात मद्याचा उल्लेख असून इटलीच्या मद्याला अधिक पसंती होती असे म्हटले आहे. ज्या दुकानी रांजणांतून ते येई, त्यांची खापरे नेवासे आणि तेर येथे सापडली आहेत. या रांजणांना आतून राळेचा अगर डांबराचा लेप असे, आणि कॉस बेटाच्या पद्धतीच्या मद्यात तर समुद्राचे पाणी घालीत. केटो या रोमन लेखकाने त्याची कृतीही लिहून ठेवली आहे. राळेचा वास आणि खारट झाक असलेल्या पेयाला त्या काळी कोणी नासलेले म्हणत नसे. भांड्याची चव हा पेयाचा दोष नसून गुण होय, ही समजूत भूमध्य समुद्रावर होती, तशीच धूपित मडक्यात आसव मुरविणाऱ्या वैद्याच्या घरीही होती.

धर्मशास्त्राची दृष्टी मात्र निराळी. आंबून गेलेल्या अन्नाला ‘शुक्त’ म्हणून मनुस्मृतीने ते वर्ज्य ठरविले. पण त्यातून दही आणि दह्याचे पदार्थ वगळले. निषेध आणि अपवाद शेजारी शेजारी बसले ते असे. पुढे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. त्याच्या राजक्रीडांत मदिरापानक्रीडेलाही स्थान आहे. त्या काळी कोल्हापुरास चालुक्यांचा मांडलिक शिलाहार राजा गंडरादित्य राज्य करीत होता. ग्रंथात निषेध, दरबारी क्रीडा आणि शेतकऱ्याच्या घरी आंबील, असा हा तिपेडी गोफ आहे.

युरोपने मातीऐवजी लाकूड निवडले. आल्प्सच्या दक्षिणेस पो नदीच्या प्रदेशात घरांहून मोठी लाकडी पिंपे असत, असे स्ट्राबो या भूगोलकाराने लिहिले आहे. लाकूड मातीसारखे फुटत नाही, गडगडत नेता येते आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते मंदपणे श्वास घेते. ओकच्या फळीतून हवा अत्यल्प प्रमाणात आत शिरते, आणि फळीच्या छिद्रांत सूक्ष्म जंतूंची वसाहत वर्षानुवर्षे टिकते. बेल्जममधील ब्रसेल्सच्या आसपास ‘लाम्बिक’ नावाची यवसुरा होते. जव आणि गहू यांचा उकळलेला रस थंडीच्या दिवसांत उथळ, उघड्या पात्रात रात्रभर निवत ठेवितात. वाऱ्यावरचे जंतू त्यात पडतात. मग तो पिंपांत एक ते तीन वर्षे मुरतो. जुना-नवा रस मिसळून बाटलीत पुन्हा आंबविला की त्याला ‘ग्योझ’ म्हणतात. रूसेलारे गावच्या रोडेनबाख घराण्याने १८२१ साली घेतलेल्या कारखान्यात ओकची उंच उभी पिंपे आहेत. त्यांत तांबूस यवसुरा सुमारे दोन वर्षे राहते आणि मग कोवळ्या यवसुरेशी तिचा मेळ घालतात.

मौज अशी की, विज्ञानाने प्रथम या आंबटपणाला रोगच ठरविले. लील येथे बिटाच्या रसापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यातील बिघडलेली पिंपे पाश्चर याने तपासली आणि १८५७ साली दुग्धाम्लाच्या किण्वनावरील निबंध प्रसिद्ध केला. १८७६ च्या त्याच्या यवसुरेवरील ग्रंथात आंबट होणे हा विकार आहे. पण १९०४ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील क्लाउसेन याने दाखविले की, इंग्लंडच्या जुन्या मुरलेल्या यवसुरेचा खास वास एका निराळ्या किण्वामुळेच येतो. त्याने त्याला ‘ब्रेटानोमायसीज’, म्हणजे ब्रिटिश बुरशी, असे नाव दिले. एका शास्त्रज्ञाला जे नासणे वाटले, ते दुसऱ्याला मुरणे दिसले.

अशा पेयाची पारख कशी करितात? प्रथम रंग पाहावयाचा, मग वास घ्यावयाचा: ओले लाकूड, सुके गवत, कातडे, पिकलेले फळ. नंतर लहान घोट जिभेवर फिरवावयाचा. दुग्धाम्लाचा आंबटपणा ताज्या दह्यासारखा मऊ असतो. शिरक्याचा घशाला झोंबतो. पहिला आधार देतो, दुसरा किंचित असला तर धार आणतो, अधिक झाला तर सारे बिघडवितो. ओकचा तुरटपणा आवळ्याप्रमाणे मागून येतो. जे दही आणि ताक, कोकम आणि चिंच, आवळा आणि कैरी यांतील आंबटपणाचे भेद बाळपणापासून जाणतात, त्यांच्या जिभेला हे शिक्षण नवे नाही. आंबूस, आंबटगोड, आंबटढाण हे शब्दच त्याची साक्ष देतात.

बेल्जममध्ये विसाव्या शतकात अशा यवसुरेचे कितीतरी कारखाने बंद पडले. जे उरले त्यांनी आपली पिंपे जपली, कृती लिहून ठेवली, कायद्याने नावाचे रक्षण मिळविले, आणि आज रसिक दूरदूरहून तिकडे जातात. आपल्याकडे हे ज्ञान बायकांच्या हाती राहिले. पीठ किती वेळ भिजवावे, थंडीत मडके चुलीपाशी किती सरकवावे, वासावरून ‘आंबले’ आणि ‘विटले’ यांतील सीमा कशी ओळखावी, हे कोणी लिहिले नाही. कारण ते सर्वांना येत होते. आता ते सर्वांना येत नाही. यात्रेचा नैवेद्य चुकत नाही, पण बारा महिने आंबील करणारी घरे विरळ होत चालली आहेत. ब्रह्मपुरीचा चंबू आपण काचेआड जपला, हे योग्यच झाले. परंतु आंबवणाचे ज्ञान काचेआड जपता येत नाही; ते रोज हाताळले तरच जिवंत राहते. ज्या घरी अजून कोणी आजी, सासू वा आत्या ते जाणते, त्या घराने तिच्याजवळ बसून ते शिकून घ्यावे आणि लिहूनही ठेवावे. या विद्येचा पुढला अध्याय तेथेच लिहिला जाणार आहे.